न दुखणारी गाठ

हे दुखणं ज्या जागी झालं, तिचं नाव आपल्याकडं पुरुषमाणूस पुरुषमाणसाजवळही काढत नाही. मी काढणार आहे. माझ्या उजव्या अंडात गाठ झाली होती. वाचताना कुणाला संकोच वाटला तर वाटू द्या, पण पुढं वाचा.

माझं गाव नेकनूरच्या अंगाला. तेव्हा आमच्यावर निजामाचं राज्य होतं. चौथीपर्यंत मी उर्दूच शिकलो, मराठी अक्षर मोठेपणी गिरवलं, तेव्हा लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. मानमोडीच्या तापाच्या साथीत आई-बाप एका आठवड्यात गेले. थोरल्या भावानं, दादानं, मला वाढवलं. घरच्या चार म्हशींपैकी एकीचं दूध एकट्या माझ्यासाठी असायचं. दादाची स्वतःची लेकरं ताक-भाकर खायची आणि मी तालमीतून आलो की तांब्याभर दूध उभ्यानं प्यायचो. घरात एक पैलवान व्हावा, एवढाच त्याचा हट्ट होता.

मी झालो. सव्विसाव्या वर्षापर्यंत बीड-पाटोद्याकडच्या जत्रांत माझं नाव पुकारलं की लोक पुढं सरकून बसायचे. धर्मापुरीपर्यंत कुस्त्या मारून आलो होतो. आमचे वस्ताद मदारसाहेब, साठीला आलेले, एका बाजूचा कान पूर्ण चेमटलेला. त्यांच्या हाताखाली मी बारा वर्षं माती अंगाला लावली.

गाठ मला पहिल्यांदा लागली ती विहिरीवर. जोर-बैठका झाल्या होत्या, अंगाची माती धूत होतो. हरभऱ्याएवढं काहीतरी बोटाला लागलं. दाबून पाहिलं. दुखलं नाही.

तिथंच मी फसलो. तालमीत खांदा निखळतो, बोट मोडतं, कान फुटतो, आणि हे सगळं दुखतं. जे दुखत नाही त्याला आम्ही दुखणं मानतच नव्हतो. वाटलं, एखाद्या डावात मुका मार लागला असेल, जिरेल आपोआप. त्या गाठीसकट मी दोन कुस्त्या जिंकलो.

ती जिरली नाही. पाच महिन्यांत सगळं अंड दगडासारखं झालं. दुखणं असं नव्हतंच, नुसता जडपणा, लंगोटात कुणी गोटा बांधून दिल्यासारखा. मग मी लपवायला लागलो. लंगोट जास्त घट्ट आवळायचा. सगळ्यांची अंघोळ आटोपली की मगच विहिरीवर जायचं. घरातसुद्धा बायकोपासून लांब राहायचं. मोठी कुस्ती ठरली आहे, व्रत धरलंय, असं तिला सांगितलं. चार वर्षं लग्नाला झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि मी ओसरीवर झोपत होतो.

भीती मरणाची नव्हती. मरणाचं डोक्यात आलंच नव्हतं. लोक म्हणतील, पैलवान बाहेरख्याली निघाला, म्हणून हा रोग लागला, ही भीती. आमच्यात पैलवानाची सगळी ताकद शीलात मानतात. ज्या जागी ते शील राहतं, तिथंच गाठ. कुणाला तोंड दाखवणार?

*

वस्तादांनी ओळखलं. एके दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी तालमीचं दार लावून घेतलं.

"रंगनाथ, सीधा खडा रह."

मी उभा राहिलो.

"दो महिनेसे देखरा मैं. उजवा पाय तू बाहेर टाकून चालतो. बैठक पुरी मारत न्हाई. क्या छुपारा रे?"

"कायबी न्हाई, वस्ताद."

"लंगोट सोड."

त्यांच्यापुढं लंगोट बांधायला शिकलो होतो, पण त्या दिवशी तो पाठमोरा होऊन सोडला. त्यांनी एकदाच हात लावला आणि काढून घेतला. मग मातीत बसले, मलाही बसवलं.

"मेरे बडे भाईकू ऐसाच हुआ था," ते म्हणाले. "मेरे जैसाच पैलवान था. शरमके मारे किसीकू नै बोला. सालभरात पोट फुगलं, गेला. हकीम बोला, सरतान है, देरसे लाये."

सरतान हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ विचारायचं धाडस झालं नाही.

"घरवालीकू मालूम?"

"न्हाई."

"आज सांग. कल नै, आज."

*

ज्वारीची काढणी चालली होती. गोदा, माझी बायको, दुपारची भाकर घेऊन शेतात आली. बाकीचे गडी बाभळीखाली बसले होते. मी तिला पेंढ्यांच्या आडोशाला नेलं आणि जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. वैद्याला सांगावं तसं, न थांबता.

ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी म्हणालो, "मरत न्हाई मी एवढ्यात."

"त्यासाठी न्हाई रडत," ती म्हणाली. "मला वाटलं तुमचं मन उडालं माझ्यावरनं. घरात दुसरीचं बोलणं चाललंय का काय, म्हणून म्या जाऊबाईला आडून आडून विचारलं. दोन-तीन महिनं मी हेच उगाळत बसलेय. आवं, तोंड कावून मिटलं व्हतं तुमी?"

मी स्वतःला शिक्षा करत होतो असं मला वाटत होतं. ती शिक्षा दोघं भोगत होतो, आणि तिला तर गुन्हा काय हेही ठाऊक नव्हतं. या आजारानं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. लपवलेलं दुखणं ज्याचं त्याच्यापुरतं राहत नाही.

डोळे पुसून तिनं विचारलं, "वस्ताद काय म्हणत्यात?"

आधी गावच्या वैद्याचे लेप झाले. कातडी भाजली, गाठ जिथल्या तिथं. तेव्हा वस्तादांनी मिशनच्या दवाखान्याचं नाव काढलं. हद्दीपलीकडं, नगरच्या बाजूला, इंग्रजी मुलखात तो दवाखाना होता. तिथला गोरा डॉक्टर मुतखडे काढतो, हे आमच्याकडंही ऐकून माहीत होतं.

दादा भडकला. "तिथं कापत्यात, रंग्या! गोऱ्हा बडवत्यात तसं बडवून घ्यायला चाललास व्हय? उद्या गाव म्हणंल, ह्यांचा भाऊ पैलवान व्हता, आता बैल हाय."

"दादा, बघून तरी येऊ."

"मी जा म्हणणार न्हाई. माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई ते."

गोदा कधी दादापुढं बोलली नव्हती. त्या दिवशी दाराआडून तिचा आवाज आला, "मला जिता नवरा पायजे, दाजी. गावाला काय म्हणायचं ते म्हणू द्या."

दादा उठून गोठ्यात गेला. जा म्हणाला नाही. पण सकाळी पाहिलं तर दारात गाडी जुंपलेली होती आणि गाडीला त्याची स्वतःची खिल्लारी जोडी, जी तो शेजाऱ्याला कधी हातही लावू देत नसे.

*

चार दिवसांचा रस्ता. गाडीत गोदा, मी, आणि हाकायला वस्ताद. आष्टी सोडल्यावर हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाडी अडवली. आत काय माल आहे म्हणून विचारलं. वस्ताद म्हणाले, "माल नहीं मियाँ, मेरा बेटा है, बीमार है." शिपायानं आत डोकावून माझ्या मांड्या-खांद्यांकडं पाहिलं आणि हसला. एवढा धडधाकट माणूस आजारी कसला! त्या हसण्यानं मला पहिल्यांदा घाम फुटला. माझ्या अंगाकडं बघून कुणालाच खरं वाटणार नव्हतं. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

डॉक्टर उंच होता, दाढीवाला. मराठी शुद्ध बोलायचा, पोथी वाचल्यासारखी. त्यानं गोदाला बाहेर बसवलं, मला आडवं केलं, खिडक्या लावून खोलीत अंधार केला. मग एक लहानसा दिवा गाठीच्या मागं धरून पुढून बघू लागला.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"आत पाणी असेल तर उजेड आरपार दिसतो. लालसर. तसं असेल तर चिंता नाही."

मी मान उचलून पाहिलं. उजेड नव्हता. दिव्यापुढं हात धरावा तसा नुसता काळोख. डॉक्टरानं दिवा इकडून धरला, तिकडून धरला. तिसऱ्यांदा दिवा धरताना त्याचा चेहरा उतरला आणि मला कळलं. बारा वर्षं मी समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याचा पुढचा डाव ओळखत होतो.

खिडक्या उघडल्यावर त्यानं वस्तादांना आणि गोदाला आत बोलावलं. "ही वाईट गाठ आहे. आम्ही हिला कॅन्सर म्हणतो."

"सरतान," वस्ताद पुटपुटले.

"होय, तेच. हे अंड काढावं लागेल, वरच्या नाडीसकट. दुसरं चांगलं आहे, ते राहील. रोग पोटात गेला नसेल तर पैलवान वाचतील. गेला असेल तर ते आज मला दिसत नाही. मी वचन देऊ शकत नाही."

मला एक प्रश्न विचारायचा होता. तो गोदानं भिंतीकडं तोंड करून, पदर पार नाकापर्यंत ओढून विचारला. "लेकरू व्हईल का?"

डॉक्टर म्हणाला, "एका विहिरीवरही मळा भिजतो, बाई. पुष्कळदा भिजतो. पण आधी मळेकरी जगायला हवा."

मी हसलो. मला आठवतं, मी मोठ्यानं हसलो, आणि लगेच हुंदका आला. माझ्या आयुष्यात मी वस्तादांच्या देखत रडलो तो तेवढाच.

*

दवाखान्याचे तीन आठवडे मी कुणाला फारसे सांगितले नाहीत. त्यातली एक गोष्ट माझ्या लाजेची आहे, ती आधी सांगतो.

वॉर्डात शांतवन नावाचा माणूस होता. रोग्यांना उचलणं, पुसणं, भांडं देणं, सगळं तोच करायचा. मिशनात जाण्याआधी त्याचं घराणं गावकुसाबाहेरचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. गोदा बाहेरच्या विहिरीवरून माझी वेगळी कळशी भरून दारात आणून द्यायची. तरी शांतवन माझ्या खाटेशी तांब्या ठेवायचा आणि पुढं जायचा.

कापायच्या दिवशी तोंडावर फडकं ठेवून क्लोरोफॉर्म दिला. गोड, मळमळणारा वास. माझी माणसं बाहेर. मी मनात अंक मोजत होतो, जोर मारताना मोजायचो तसे. अकराच्या पुढं गेलो नाही.

जाग आली तेव्हा जीभ लाकडाची झाली होती. पोटात भडभडत होतं, जांघेत निखारा ठेवल्यासारखं. बायकांना तेव्हा वॉर्डात येऊ देत नव्हते. मी पाणी पाणी करत होतो. कुणीतरी ओलं फडकं माझ्या ओठांवर ठेवलं. थेंब-थेंब. पुन्हा भिजवून पुन्हा ठेवलं. डोळे उघडले तर शांतवन. तो म्हणाला, "जास्त द्यायची मनाई हाय, पैलवान. उलटी झाली तर टाके तुटतील. चोखा हळूहळू." मी चोखलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पूर्वीसारखाच तांब्या खाटेशी ठेवला आणि मी त्यातलं पाणी प्यालो. त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या जागी मी असतो तर एवढा मोठेपणा दाखवू शकलो नसतो.

धीर करून एकदा त्याला विचारलं, "ते कुठं टाकलं?"

त्याला बरोबर समजलं. "टाकलं न्हाई. मागच्या बाजूला खड्डा करून पुरलं. मीच पुरलं." मला का कोण जाणे, बरं वाटलं.

वस्ताद दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली राहायचे. तिथंच नमाज, तिथंच तीन दगडांची चूल. आठव्या दिवशी डॉक्टरानं मला उभं राहायला सांगितलं. शंभर-शंभर बैठका मारणारा मी, खाटेपासून दारापर्यंत सात पावलं चाललो आणि चौकट धरून घामानं निथळलो. दाराबाहेर वस्ताद उभे होते. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते म्हणाले, "उजवा पाय सीधा टाक." तालमीत म्हणायचे त्याच आवाजात. त्या एका वाक्यानं मला जितकं बळ आलं तितकं दवाखान्यातल्या अंड्या-दुधानं आलं नसेल. ते माझी कीव करत नव्हते.

निघताना डॉक्टर म्हणाला, "दोन वर्षं. दोन वर्षांत परत आली नाही तर बहुधा येणार नाही."

*

कापण्यापेक्षा ती दोन वर्षं कठीण. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो. जखम महिनाभरात भरली, पण रोज सकाळी उठलो की हात आधी पोटावर जायचा. ढेकर आली तरी काळजाचा ठोका चुकायचा. पाठ दुखली की वाटायचं, आली. गोदाला मी सांगायचो नाही, आणि तिला कळायचं. एकदा ती वैतागली. "रोज-रोज दाबून बघू नका. ठरवा, अमावास्येला एकदा बघायचं. मधल्या दिवसांत मी सांगते तुमी बरे हायत, ते ऐकायचं." आम्ही तसंच ठरवलं. महिन्यातून एक दिवस भीतीला दिला. बाकीचे दिवस हळूहळू आमचे झाले.

गावात बातमी पोचायची ती पोचलीच. नेकनूरच्या बाजारात एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बघ बे, बैल चालला." मी मान खाली घालून पुढं निघालो. मागं गलका झाला म्हणून वळून पाहिलं, तर दादानं त्याची गचांडी धरली होती. लोकांनी सोडवलं. घरी ओसरीवर बसल्यावर दादा म्हणाला, "त्याला कावून मारू? त्यो शब्द पयला मीच काढलता." आणि उठून म्हशीचं दूध काढायला गेला. तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला, पूर्वीसारखा. मी उभ्यानं प्यालो.

तालमीत मी आठ महिन्यांनी पाय ठेवला. सुरुवातीला पोरासोरांनीही मला चीत केलं. ताकद त्या एका जागी राहत असती तर माझी कायमची गेली असती. पण ती पाठीत होती, पायांत होती, श्वासात होती, आणि मेहनतीनं परत आली. पूर्वीइतकी नाही. मोठ्या जत्रेतली माझी परतीची कुस्ती मी हरलो, त्यानंतरच्या तीन जिंकलो, आणि तिशी उलटल्यावर कुस्ती सोडून वस्तादांच्या शेजारी काठी घेऊन बसायला लागलो. तिसऱ्या वर्षी मुलगी झाली, पाचव्या वर्षी मुलगा. लेकरं झाली नसती तरी मी पुरुषच होतो, हे मला तोवर पटलं होतं. गोदाला आधीपासूनच पटलेलं होतं.

*

इथंच थांबलो असतो. पण वडवणीकडचा एक माणूस आठवतो.

मी चाळिशीत असेन. तो दुपारी शेतात आला. तिशीच्या आतला, अंगानं मजबूत. नाव सांगितलं, बसला. बैलांविषयी बोलला, ज्वारीविषयी बोलला, वडवणीच्या बाजाराविषयी बोलला. दोन तास झाले, कशाला आलाय ते सांगेना. पण तो एका मांडीवर भार देऊन बसला होता. गोदा पाणी घेऊन आली, तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, लाजू नका. ह्यांचंबी झालतं. आता दोन लेकरांचे बाप हायत." त्यानं तांब्या खाली ठेवला आणि ओंजळीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन त्याच दवाखान्याला निघालो. तिथला डॉक्टर आता दुसरा होता. त्यानं दिवा लावलाच नाही. पोटावर हात ठेवला आणि मला बाहेर बोलावलं. पोटात गोळे लागत होते. उशीर झाला होता.

परत येताना गाडीत तो बराच वेळ उताणा पडून आभाळाकडं बघत होता. मग म्हणाला, "दीड साल झालं गाठ लागून. तुमचं असं झालतं हे मला आत्ता-आत्ता कळलं, तेबी एका म्हाताऱ्याकडनं, कानात. पैलवान, तुमी हे चारचौघांत कावून सांगत न्हाई?"

मी खरं तेच बोललो. "लाज वाटते."

"मलाबी तीच वाटली व्हती," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो पावसाळ्याच्या तोंडाला गेला. मी त्याच्या दहाव्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो. वीस-पंचवीस पोरं मातीत होती. मी जोर थांबवायला सांगितले, सगळ्यांना गोल बसवलं आणि मधोमध उभा राहून सांगितलं, गाठ कुठं झाली, किती महिने लपवली, काय कापलं, काय राहिलं. अंघोळीला जाल तेव्हा हातानं चाचपून बघत जा, आणि काही लागलं, न दुखणारं लागलं, तर त्याच दिवशी मला येऊन सांगा. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा हसला, आणि बघता बघता सगळी तालीम हसायला लागली.

मी हसू दिलं. त्यांचं हसून झालं, तालीम गप्प झाली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.